'चिकित्सा' ह्या शब्दाचे दोन अर्थ : केशविरलतेवरील पेशीप्रयोगांचा इतिहास

१

धुळे जिल्ह्याच्या शिंदखेडा तालुक्यातील दोंडाईचा हे गाव मिरचीच्या बाजारपेठेसाठी ओळखले जाते. उधना–जळगाव लोहमार्गावर ते वसलेले असल्यामुळे पश्चिमेस सुरत आणि पूर्वेस जळगाव-भुसावळ ह्या दोन्ही बाजूंशी त्याचे दळणवळण आहे. अशा गावी माल येतो, माणसे येतात आणि त्यांच्याबरोबर शब्दही येतात. अलीकडच्या काळात मोठ्या शहरांतील केशचिकित्सालयांच्या जाहिरातींतून 'स्टेम सेल', 'पीआरपी', 'एक्झोसोम', 'केसांचे पुनरुज्जीवन' हे शब्द खानदेशातील लहान गावांपर्यंत पोहोचले आहेत. ज्याच्या कपाळावरचे केस पंचविशीतच मागे सरू लागले आहेत आणि ज्याचे लग्न ठरावयाचे आहे, अशा तरुणाच्या कानी हे शब्द पडले म्हणजे त्याच्या मनात आशा उत्पन्न होते. आणि त्या आशेपायी घरातील एका हंगामाची कमाई खर्ची पडण्याचा संभव असतो. भांगाची रेघ रुंदावत चाललेल्या स्त्रीची व्यथा तर ह्याहून मूक असते, कारण ती बहुधा घरातही बोलून दाखविली जात नाही.

ह्या व्यथेस केवळ हौस किंवा नटवेपणा म्हणून बाजूस सारणे योग्य ठरणार नाही. केस हे आपल्या समाजात नेहमीच माणसाच्या प्रतिष्ठेचे चिन्ह राहिले आहे. विधवांच्या केशवपनाची चाल हे त्याचे सर्वांत क्रूर उदाहरण होय. स्त्रीचे सामाजिक अस्तित्व पुसून टाकावयाचे तर प्रथम तिचे केस काढावे, असे त्या रूढीने मानले. १८९० साली मुंबईतील नाभिकांनी हे काम करण्याचे नाकारून संप पुकारला, ह्या घटनेचे महत्त्व त्यामुळेच आहे. तात्पर्य, केस गमावणाऱ्या माणसाचे दुःख खरे असते. ते खरे असल्यामुळेच त्याच्यापुढे ठेवल्या जाणाऱ्या उपायांची पारख काटेकोरपणे होणे अवश्य आहे. ही पारख करण्यास केशविरलतेवरील उपायांचा इतिहास आणि त्या उपायांसाठी वापरल्या गेलेल्या शब्दांचा इतिहास, हे दोन्ही उपयोगी पडतात.

२

प्रारंभी एका व्युत्पत्तीचा विचार करावयास हवा. 'चिकित्सा' हा शब्द संस्कृतातील 'कित्' धातूस 'सन्' प्रत्यय लागून सिद्ध होतो, आणि रोगाचा प्रतीकार हा त्याचा रूढ अर्थ आहे. त्याच शब्दामागे 'वि' हा उपसर्ग लागला की 'विचिकित्सा', म्हणजे संशय, असा शब्द होतो. मराठीने हे दोन्ही अर्थ एका शब्दात सामावून घेतले आहेत. वैद्य रोग्याची चिकित्सा करतो आणि समीक्षक ग्रंथाची चिकित्सा करतो. 'चिकित्सक' म्हणजे वैद्य, आणि 'चिकित्सक वृत्तीचा' म्हणजे कोणतीही गोष्ट तपासून घेतल्यावाचून न मानणारा. उलटपक्षी 'उपचार' ह्या शब्दास दुसराच एक अर्थ चिकटलेला आहे. देवाच्या पूजेचे सोळा उपचार असतात आणि नुसती रीत पाळावयाची म्हणून केलेल्या गोष्टीस आपण 'केवळ उपचार' म्हणतो. केशविरलतेच्या इतिहासात ह्या दोन शब्दांचे झगडे सतत दिसून येतात. ज्या वेळी चिकित्सेतील संशयाचा अर्थ जागा राहिला, त्या वेळी ज्ञान पुढे गेले. तो निद्रिस्त झाला, त्या वेळी उपचार हा दुसऱ्या अर्थाने उपचारच राहिला.

प्राचीन वैद्यकात केस जाण्याचा विचार 'क्षुद्ररोग' ह्या प्रकरणात व शिरोरोगांच्या संदर्भात येतो. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात त्याची उपपत्ती दिली आहे. वाताने युक्त झालेले पित्त रोमकूपात शिरून केस पाडते, आणि नंतर रक्तासह कफ तो कूप बुजवून टाकतो, म्हणून तेथे पुन्हा केस येत नाही, असे तीत म्हटले आहे. इंद्रलुप्त, खालित्य आणि रुह्या ही तीन नावे सुश्रुताने एकाच विकारास दिली आहेत. पुढील टीकाकारांच्या परंपरेत मात्र तीन नावे म्हणजे तीन विकार असले पाहिजेत, असे मत पुढे आले, आणि दाढीमिशा, डोके व सर्वांग अशी त्यांची वाटणी केली गेली. ही वाटणी शब्दांवरून केलेली आहे. वाग्भटाने केलेला भेद ह्याहून वेगळ्या जातीचा आहे. इंद्रलुप्त आणि खलति ह्यांची उत्पत्ती सारखीच असली, तरी खलतीत केस क्रमाक्रमाने जातात, असे तो सांगतो. ही वाटणी निरीक्षणावरून केलेली आहे. सर्व दोषांनी मिळून उत्पन्न झालेली खलति असाध्य होय, हेही वाग्भटाने नमूद केले आहे. उपाय नाही असे सांगण्याचे धैर्य हा चिकित्सेचाच भाग होय, हे येथे ध्यानात घेण्याजोगे आहे.

वाग्भटाचा हा भेद मराठी बोलीनेही आपल्या परीने राखला आहे. डोक्यावर वा दाढीत एकाएकी गोल चट्टा पडून केस नाहीसे झाले म्हणजे 'चाई पडली' किंवा 'चाई लागली' असे म्हणतात, आणि केस खाणारा कुणी कीटक असावा अशी त्यामागे लोकसमजूत आहे. वयाबरोबर कपाळ व टाळू उघडे पडत जाते, त्यास 'टक्कल' म्हणतात. आजारपणानंतर वा बाळंतपणानंतर मुठीने केस येऊ लागले, तर त्यास नुसते 'केस गळणे' म्हणतात. चाई, टक्कल आणि केस गळणे हे तीन निराळे विकार आहेत हे आजचे त्वचारोगशास्त्रही मानते. चाईत शरीराची संरक्षक यंत्रणाच केशकूपांवर उलटते. टकलात आनुवंशिकता आणि पुरुषी संप्रेरक ह्यांमुळे केशकूप हळूहळू सूक्ष्म होत जातात. ताप, बाळंतपण वा कुपोषण ह्यांनंतरच्या गळतीत पुष्कळसे केस एकदम विश्रांतीच्या अवस्थेत जातात आणि दोनतीन महिन्यांनी गळून पडतात. पहिल्या विकारात केस पुष्कळदा आपोआप परत येतात, तिसऱ्यात बहुधा येतातच, आणि दुसऱ्यात आपोआप येत नाहीत. उपायांच्या मूल्यमापनात होणाऱ्या बहुतेक सर्व चुका हा भेद विसरल्यामुळे होतात.

३

आपोआप बरे होणाऱ्या विकाराने माणसाची दिशाभूल कशी होऊ शकते, ह्याचे जवळचे उदाहरण खानदेशास लागून असलेल्या बुलढाणा जिल्ह्यात नुकतेच घडले. २०२४ च्या अखेरीस व जानेवारी २०२५ मध्ये शेगाव तालुक्याच्या परिसरातील सुमारे १८ गावांत अडीचशेहून अधिक माणसांचे केस अवघ्या काही दिवसांत गळून पडले. त्यांत तरुण होते, स्त्रिया होत्या, मुलेही होती. गावोगाव भय पसरले. पाण्याविषयी, शांपूविषयी आणि नव्या साथीविषयी नाना तर्क झाले. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची पथके तेथे आली. विंचूदंशावरील संशोधनासाठी ख्यातनाम असलेले महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर ह्यांनी स्वतंत्रपणे नमुने तपासून रुग्णांच्या शरीरात सेलेनियम ह्या द्रव्याचे प्रमाण फार वाढलेले असल्याचे दाखविले आणि त्याचा संबंध शिधावाटपाच्या गव्हाशी जोडला. पुढे काही रुग्णांची नखेही गळाली, आणि सेलेनियमाच्या अतिरेकाचे ते परिचित लक्षण आहे.

येथे विचार करण्याजोगी गोष्ट निराळीच आहे. ह्यांपैकी अनेकांचे केस काही आठवड्यांत पुन्हा उगवू लागले. त्या अवधीत एखाद्याने तेल चोळले असते, दुसऱ्याने नवस केला असता, आणि तिसऱ्याने महागडी सुई टोचून घेतली असती, तर तिघांनाही आपापल्या उपायाचा गुण आला असे प्रामाणिकपणे वाटले असते. केस प्रत्यक्ष उगवले, ह्यात खोटे काही नव्हते. खोटा ठरला असता तो केवळ 'म्हणून' हा शब्द. उपायानंतर केस आले ही घटना झाली. उपायामुळे केस आले हा निष्कर्ष झाला. पहिलीवरून दुसऱ्याकडे जाण्यास मधे एक पूल लागतो. ज्यांना तो उपाय दिला नाही अशा तशाच माणसांचे काय झाले, हे पाहणे म्हणजेच तो पूल होय. वैद्यकात ह्यास तुलनागट म्हणतात.

४

टकलाच्या शास्त्रीय अभ्यासाचा आरंभ विसाव्या शतकाच्या मध्यास झाला असे म्हणता येईल. १९४२ साली अमेरिकेतील जेम्स हॅमिल्टन ह्यांनी वृषणग्रंथींचा स्राव नसलेल्या पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. अशा पुरुषांना टक्कल पडत नाही. परंतु त्यांना पुरुषी संप्रेरक दिले असता, ज्यांच्या घराण्यात टकलाचा वारसा आहे त्यांचे केस जाऊ लागतात, असे त्यांना आढळले. वारसा आणि संप्रेरक ही दोन कारणे एकत्र यावी लागतात, हे ह्यावरून स्पष्ट झाले. १९५९ साली न्यूयॉर्कच्या नॉर्मन ऑरेंट्राइक ह्यांनी केशरोपणाविषयीचे आपले संशोधन प्रसिद्ध केले. मानेकडील भागातून घेतलेला केशकूप कपाळावर लावला, तरी तो आपल्या मूळ जागेचा स्वभाव सोडत नाही, हे त्यांनी दाखविले. आजची केशरोपणाची सर्व पद्धती ह्या एका निरीक्षणावर उभी आहे. तथापि ह्या पद्धतीत केसांची संख्या वाढत नाही; एका शेतातील रोपे दुसऱ्या शेतात लावली जातात, एवढेच. मागील शेतच विरळ असेल, तर लावणार तरी काय, हा प्रश्न उरतोच.

औषधांच्या बाबतीत दोन नावे प्रमुख आहेत. मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबावरील औषध. ते घेणाऱ्या रुग्णांच्या अंगावर केस वाढू लागल्याचे दिसून आले आणि त्यातून डोक्यास लावावयाचा द्राव तयार झाला. त्यास १९८८ साली अमेरिकेत मान्यता मिळाली. संप्रेरकाचे रूपांतर रोखणारे फिनॅस्टेराइड १९९७ साली टकलासाठी मान्य झाले. दोन्ही औषधे आहेत ते केशकूप टिकविण्यास व काही अंशी पुष्ट करण्यास साहाय्य करतात, आणि घेणे थांबविले की लाभही हळूहळू ओसरतो. नवा केशकूप निर्माण करण्याचे सामर्थ्य दोहोंतही नाही. पेशीप्रयोगांचे आकर्षण नेमके येथे उत्पन्न होते. रोपे हलवावयाची नाहीत, बी पेरावयाचे, असे त्यांचे अभिवचन आहे.

५

हे अभिवचन निराधार नव्हे. केसाच्या मुळाशी पेशींचा एक लहानसा पुंजका असतो. त्यास शरीरशास्त्रात 'डर्मल पॅपिला' म्हणतात. स्कॉटलंडमधील डंडी येथे रॉय ऑलिव्हर ह्यांनी १९६० नंतरच्या दशकात उंदरांच्या मिशांवर प्रयोग करून हा पुंजका नवा केस उगविण्यास कारणीभूत होतो, हे सिद्ध केले. १९८४ साली कॉलिन जहोडा, हॉर्न आणि ऑलिव्हर ह्यांनी पुढचे पाऊल टाकले. ह्या पेशी प्रयोगशाळेत वाढवून पुन्हा रोवल्या असताही केस उगवतो, हे त्यांनी दाखविले. १९९९ साली जहोडा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एका पुरुषाच्या डोक्यावरील केशकूपाच्या आवरणातील पेशी एका स्त्रीच्या बाहूत रोविल्या, आणि तेथे केस उगवले. परक्या शरीराने त्या पेशी नाकारल्या नाहीत, ही बाब विशेष लक्षणीय ठरली.

दरम्यान १९९० साली जॉर्ज कॉट्सारेलिस आणि सहकाऱ्यांनी केशकूपाच्या एका फुगीर भागात मूलपेशींचे वसतिस्थान असल्याचे उंदरांमध्ये दाखवून दिले. २०११ साली टकलाच्या जागेची तपासणी झाली, तेव्हा असे आढळले की त्या जागी मूलपेशी नाहीशा झालेल्या नसतात. त्यांच्यापासून निपजणाऱ्या पुढच्या पिढीच्या पेशी मात्र फार घटलेल्या असतात. म्हणजे बी आहे, पण ते अंकुरत नाही. कूप बुजल्यामुळे केस येत नाही, ह्या सुश्रुताच्या कल्पनेची येथे कुणास आठवण होईल. परंतु साम्य हे प्रमाण नव्हे. सुश्रुतापुढे सूक्ष्मदर्शक नव्हता, आणि आजच्या संशोधकापुढे कफपित्ताची परिभाषा नाही. दोघांनीही टकलाच्या जागेकडे निर्जीव भूमी म्हणून पाहिले नाही, एवढेच म्हणणे न्याय्य ठरेल.

खरी अडचण उंदरापासून माणसाकडे येताना उभी राहिली. मानवी डर्मल पॅपिलाच्या पेशी काचपात्रात वाढविल्या की केस उगविण्याची आपली शक्ती त्या हरवून बसतात. संख्या वाढते, गुण जातो. २०१३ साली जहोडा, क्लेअर हिगिन्स आणि अँजेला क्रिस्टियानो ह्यांनी ह्यावर एक युक्ती योजिली. पेशी सपाट थरात न वाढविता द्रवाच्या लोंबत्या थेंबांत गोळ्यांच्या रूपाने वाढविल्या असता त्यांची शक्ती काही अंशी परत येते, असे त्यांना दिसले. सात दात्यांपैकी पाचांच्या पेशींनी नवे केस उगविले. मात्र ते उगवले मानवी त्वचेचा जो तुकडा उंदराच्या पाठीवर लावला होता, त्यात. माणसाच्या डोक्यावर नव्हे. हा प्रयोग मोलाचा होता, आणि तो प्रयोग होता.

माणसांवरील प्रयत्नांचा इतिहास ह्याहून संमिश्र आहे. इंग्लंड, अमेरिका आणि जपान येथील अनेक उद्योगांनी ह्या कामी वर्षानुवर्षे पैसा ओतला. 'ॲडेरान्स' ह्या जपानी उद्योगाची अमेरिकेतील संशोधनसंस्था मानवी चाचण्यांपर्यंत पोहोचूनही २०१३ साली बंद करण्यात आली. २०२० साली जपानमधील त्सुबोई आणि सहकाऱ्यांनी एक काटेकोर चाचणी प्रसिद्ध केली. साठांहून अधिक स्त्रीपुरुषांच्या डोक्याच्या मागील भागातून पेशी घेऊन त्या वाढविण्यात आल्या, आणि विरळ जागी निरनिराळ्या मात्रांत टोचण्यात आल्या. त्याच डोक्यावर एका जागी पेशीविरहित द्रवही टोचला होता, आणि कोणत्या जागी काय आहे हे रुग्णासही ठाऊक नव्हते, परीक्षकासही नव्हते. सहा व नऊ महिन्यांनी सर्वांत कमी मात्रेच्या जागी केसांची दाटी व एकत्रित जाडी पेशीविरहित जागेपेक्षा वाढलेली आढळली. अधिक मात्रांनी अधिक लाभ झाला नाही. हा परिणाम आशादायक आहे. तो माफक आहे. आणि मात्रा वाढविल्याने लाभ का वाढत नाही, हा प्रश्न त्याने मागे ठेविला आहे. ज्या शोधनिबंधात असा प्रश्न उघडपणे मांडलेला असतो, त्यावर विश्वास ठेवण्यास अधिक आधार असतो, आणि ज्या जाहिरातीत तो नसतो, तिच्यावर कमी.

६

पारख कशी करावी ह्याचा एक नमुना मुंबईतच उपलब्ध आहे. सुश्रुताने इंद्रलुप्तावर सांगितलेल्या उपायांत त्वचेवर बारीक ओरखडे काढून, म्हणजे प्रच्छान करून, गुंजेचा लेप देण्याचा उपाय आहे. जखमेमुळे केशकूप जागा होतो की काय, ह्या प्रश्नास २००७ साली नवे महत्त्व आले. मायुमी इतो आणि सहकाऱ्यांना त्या वर्षी प्रौढ उंदरांच्या मोठ्या जखमा भरून येताना त्यांच्या मध्यभागी नवे केशकूप निर्माण झालेले आढळले. २०१३ साली सायन येथील लोकमान्य टिळक वैद्यकीय महाविद्यालयाच्या डॉ. रचिता धुरत आणि सहकाऱ्यांनी बारीक सुयांच्या रुळाने डोक्याची त्वचा टोचण्याच्या उपायाची चाचणी प्रसिद्ध केली. टकलाच्या १०० रुग्णांचे दोन गट करण्यात आले. दोन्ही गटांस मिनॉक्सिडिल दिले. एका गटास त्याशिवाय आठवड्यातून एकदा सुया टोचल्या. १२ आठवड्यांनी निवडलेल्या जागेतील केसांच्या संख्येत टोचलेल्या गटात सरासरी ९१.४ ची, तर दुसऱ्या गटात २२.२ ची वाढ दिसली. मोजणाऱ्यास कोण कोणत्या गटातील, हे ठाऊक नव्हते.

ह्या चाचणीत पेशी वापरलेल्या नाहीत. तिची मुदत थोडी होती, आणि आपणास सुया टोचल्या जात आहेत हे रुग्णांपासून लपविणे शक्य नव्हते. परंतु प्रच्छानासारखी प्राचीन कल्पना असो की पेशीरोपणासारखी नवी, तिच्यावर विश्वास ठेवण्यापूर्वी काय करावयाचे असते, ते ह्या लहानशा कामात स्वच्छ दिसते. दोन गट करावयाचे, दोहोंना एका गोष्टीखेरीज सर्व सारखे द्यावयाचे, आणि मोजणाऱ्याचे डोळे बांधावयाचे. खर्चिक यंत्रांपेक्षा ह्या तीन गोष्टींनीच औषध आणि आशा ह्यांत भेद करता येतो.

७

आता भारतातील परिस्थितीकडे वळावयास हवे, आणि येथे शब्दाचा प्रश्न पुन्हा समोर येतो. २००७ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग ह्यांनी मूलपेशींविषयी जी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली, त्यांच्या शीर्षकात 'संशोधन' आणि 'उपचार' असे दोन्ही शब्द होते. २०१३ च्या आवृत्तीत 'उपचार' हा शब्द शीर्षकातून हेतुपुरस्सर वगळण्यात आला. मूलपेशींचा वापर हा अद्याप रूढ वैद्यकाचा भाग झालेला नाही, हे त्यायोगे सुचवावयाचे होते. २०१७ च्या आवृत्तीतही शीर्षक तसेच राहिले. रक्तनिर्मिती करणाऱ्या मूलपेशींचा काही ठरावीक विकारांतील वापर सोडल्यास, मूलपेशींचा इतर कोणताही वापर केवळ मान्यताप्राप्त चाचणीतच व्हावा, असे तीत स्पष्ट केले आहे. शासकीय दस्तऐवजात एका शब्दाचे असणे आणि नसणे ह्यास किती अर्थ असू शकतो, ह्याचे हे उत्तम उदाहरण होय. औषध नियम, १९४५ ह्यांच्या 'जे' परिशिष्टात तर ज्या विकारांवर गुण देण्याचा दावा कोणत्याही औषधाने करू नये, अशांची यादीच आहे. तीत टक्कल आहे, आणि नवे केस उगविणे हेही आहे.

बाजारातील शब्द ह्या मर्यादा पाळत नाहीत. 'पीआरपी' ह्या पद्धतीत रुग्णाचेच रक्त घेऊन ते यंत्रात फिरवितात आणि प्लेटलेट अधिक असलेला भाग डोक्यात टोचतात. प्लेटलेट ही मूलपेशी नव्हे. तिला केंद्रकदेखील नसते. तीविषयी काही अनुकूल चाचण्या आहेत, परंतु द्राव तयार करण्याच्या रीती जागोजाग भिन्न असल्यामुळे एका ठिकाणचा निष्कर्ष दुसऱ्या ठिकाणी लागू करता येत नाही. 'एक्झोसोम' म्हणजे पेशींनी बाहेर टाकलेले अतिसूक्ष्म कण. त्यांतही पेशी नसते. डिसेंबर २०१९ मध्ये अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी अशा अमान्य उत्पादनांमुळे रुग्णांना गंभीर अपाय झाल्याची सार्वजनिक सूचना दिली होती. ही दोन्ही द्रव्ये जाहिरातीत 'पेशींचे पुनरुज्जीवन' ह्या एकाच छत्राखाली येतात. डंडी आणि टोकियो येथील संशोधनाची पुण्याई अशा रीतीने ज्या वस्तूंवर ते संशोधन झालेच नाही, त्यांच्या नावे जमा होते. सुश्रुताच्या टीकाकारांनी तीन नावांवरून तीन रोग कल्पिले. येथे एका नावावरून तीन औषधे एक कल्पिली जातात. चूक एकाच जातीची आहे.

८

ह्या सर्व विवेचनावरून काही निष्कर्ष निघतात. पहिला, पेशींच्या साहाय्याने केस उगविण्याची कल्पना शास्त्रीय दृष्ट्या सबळ आहे आणि तिच्यामागे अर्धशतकाहून अधिक काळाचे प्रामाणिक काम आहे. तिला भोंदूपणा म्हणणे अन्यायाचे होईल. दुसरा, माणसाच्या डोक्यावर तिचा लाभ आजवर माफक प्रमाणात व थोड्या लोकांत दिसला आहे, आणि तो किती काळ टिकतो ह्याचा पुरावा अपुरा आहे. तिसरा, भारतात ती प्रयोगाच्या अवस्थेत आहे; तिला उपचार म्हणून विकणे हे शास्त्राच्या पुढे जाणे होय.

दोंडाईच्याच्या बाजारात मिरचीचा ढीग समोर आला की जाणता व्यापारी प्रथम रंग पाहतो, मूठ भरून ओल पाहतो, वास घेतो, आणि मग भाव बोलतो. डोक्यावरच्या उपायासही ह्याहून कमी पारख पुरणार नाही. आपला विकार चाई, टक्कल की आजारानंतरची गळती, हे त्वचारोगतज्ज्ञाने पाहिले आहे काय, आणि स्त्रियांच्या बाबतीत रक्तक्षय वा थायरॉईडचा दोष तपासला आहे काय, हा पहिला प्रश्न होय. जे टोचावयाचे आहे त्यात खरोखर पेशी आहेत काय, आणि त्या कोठून घेतल्या, हा दुसरा. ज्यांना ते टोचले नाही त्यांच्याशी तुलना केली आहे काय, हा तिसरा. आणि ही चाचणी असेल, तर २००७ पासून चालू असलेल्या भारतीय चाचणी-नोंदवहीत तिचा क्रमांक कोणता, हा चौथा. ज्यास नोंदणी-क्रमांक आहे अशा चाचणीत सहभागी होणाऱ्याकडून प्रयोगाधीन द्रव्याचे मोल घ्यावयाचे नसते. म्हणून जो मोल मागतो आणि त्याच वेळी आपले काम संशोधन आहे असे म्हणतो, त्याने दोहोंपैकी एक शब्द मागे घेतला पाहिजे.

ह्या चार प्रश्नांची उत्तरे मिळाल्यावर पैसे खर्च करणे वा न करणे हा ज्याचा त्याचा निर्णय राहील. काहींना परिचित औषधे त्यांच्या मर्यादांसह पुरेशी वाटतील, काही केशरोपणाकडे वळतील, आणि काही आपले टक्कल आहे तसे स्वीकारतील. ह्यांपैकी कोणताही मार्ग कमीपणाचा नाही. आणखी काही वर्षांनी पेशीप्रयोगांतून खरा उपचार निर्माण झाला, तर तो ह्याच प्रश्नांना उत्तरे देत निर्माण झालेला असेल. तोपर्यंत मराठीने एका शब्दात जपून ठेवलेले 'चिकित्सा' ह्याचे दोन्ही अर्थ, रोग्याच्या आणि वैद्याच्याही मनात, एकत्र नांदणे अगत्याचे आहे.